पॅरासिटामॉलची धास्ती, डायक्लोफेनॅकला मोकळीक

यकृताच्या जुनाट आजाराच्या रुग्णाचे अंग दुखू लागले की त्याला ठरलेले दोन सल्ले मिळतात. पहिला, ‘लिव्हर खराब आहे, पॅरासिटामॉलला हात लावू नका.’ दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो, ‘त्याऐवजी ही घ्या,’ आणि हातात डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी ठेवली जाते. हे सल्ले मेडिकलच्या काउंटरवर मिळतात, घरातल्या मोठ्यांकडून मिळतात, आणि खेदाची बाब म्हणजे काही दवाखान्यांतूनही मिळतात. पहिला सल्ला चुकीचा आहे. दुसरा जीवावर बेतणारा आहे. सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत कठीण होत जाण्याच्या जुनाट आजाराच्या रुग्णासाठी ठरावीक मात्रेतले पॅरासिटामॉल हेच वेदनाशमनाचे पहिले औषध आहे आणि डायक्लोफेनॅकचा सबंध वर्ग त्याने टाळायचा आहे. हे कुणा एका डॉक्टरचे वेगळे मत नाही. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली बळावलेल्या सिरॉसिससाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दर सहा तासांनी ५०० मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त २ ग्रॅम पॅरासिटामॉल ही पहिली पसंती म्हणून स्पष्ट नोंदवलेली आहे. तज्ज्ञांत मान्य असलेली ही गोष्ट रुग्णापर्यंत उलटी होऊन पोहोचते, म्हणून तिचा सविस्तर प्रतिवाद करणे भाग आहे.

वेदनेचा प्रश्न मोजक्या रुग्णांपुरता नाही. निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला असता सिरॉसिसच्या ३० ते ७९ टक्के रुग्णांना वेदना असल्याचे आढळले. आकड्यांतली तफावत मोठी आहे, पण त्यातला खालचा आकडाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. खुद्द यकृताच्या आत वेदना पोहोचवणाऱ्या नसा जवळजवळ नसतात, दुखते ते त्याच्यावरचे आवरण ताणले गेल्यावर. बाकीचे दुखणे शरीरभर विखुरलेले असते. जलोदराने पोट फुगले की त्या ओझ्याने कंबर धरते, बेंबीचा हर्निया ठणकू लागतो. स्नायू झिजल्याने सांध्यांवर भार येतो, हाडे ठिसूळ झाल्याने मणका दबतो, रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन झोप मोडते. पाणी उतरवण्यासाठी दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांच्या छातीत दुखऱ्या गाठी येतात. शिवाय गुडघे, दाढ, डोके ही सर्वांची दुखणी यकृताच्या रुग्णालाही होतातच. त्यामुळे ‘काहीच घेऊ नका’ हा सल्ला फार दिवस पाळला जात नाही. रुग्ण आज ना उद्या कुठली तरी गोळी घेतो, आणि ती कोणती असावी हे कुणी सांगितलेले नसेल, तर जी सहज मिळते ती घेतो.

पॅरासिटामॉलची भीती अगदीच निराधार आहे असे मात्र नाही. ब्रिटन आणि अमेरिकेत यकृत अचानक निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण पॅरासिटामॉलची विषबाधा हेच आहे. भारतातले चित्र वेगळे आहे. येथे यकृत असे एकाएकी निकामी होते ते मुख्यतः हिपॅटायटिस ए व ई या विषाणूंमुळे आणि क्षयरोगाच्या औषधांमुळे. तरीही पाश्चात्त्य देशांतल्या त्या अनुभवाची धास्ती येथे पोहोचली, आणि ती कोणत्या मात्रेबद्दल आहे हा तपशील वाटेत गळून पडला. विषबाधेचा धोका वजनाच्या दर किलोमागे सुमारे १५० मिलिग्रॅम एकाच वेळी पोटात गेल्यावर धरला जातो. साठ किलोच्या माणसासाठी हे ९ ग्रॅम होतात, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या १८ गोळ्या. तापासाठी किंवा कंबरदुखीसाठी दिवसभरात विभागून घेतलेल्या चार गोळ्यांना हा निकष लावणे शास्त्राला धरून नाही.

शरीरात काय घडते ते पाहिले की हा फरक नीट कळतो. पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलचा फार मोठा भाग यकृत ग्लुकुरोनाइड व सल्फेट यांच्याशी जोडते आणि तो निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जातो. एक लहान भाग सायटोक्रोम वर्गातल्या विकरांकडे जातो आणि त्यापासून एनएपीक्यूआय नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. यकृतातले ग्लुटाथायोन त्याला लगेच निष्प्रभ करते. एकदम मोठी मात्रा घेतली की पहिले दोन मार्ग तुंबतात, विषारी पदार्थ वाढतो, ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. सिरॉसिसमध्ये विष तयार करणारा मार्ग जोर धरतो असा समज आहे, पण प्रत्यक्षात त्या विकरांचे काम वाढत नाही. ग्लुटाथायोनचा साठा कमी असू शकतो, मात्र दिवसाला दोन ग्रॅमपर्यंतच्या औषधासाठी तो पुरतो. खरा बदल होतो तो एवढाच की औषध शरीरातून बाहेर पडायला निरोगी माणसापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. निरोगी माणसासाठी चार ग्रॅम असलेली कमाल मात्रा येथे अर्ध्यावर आणली आहे ती त्यासाठी. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत यकृताचा जुनाट पण स्थिर आजार असलेल्या २० रुग्णांना रोज ४ ग्रॅम याप्रमाणे १३ दिवस पॅरासिटामॉल दिले गेले आणि त्यांची प्रकृती बिघडली नाही. चाचणी लहान होती, म्हणून चार ग्रॅमची शिफारस आज कुणी करत नाही. पण अर्ध्या मात्रेलाच विष ठरवणाऱ्यांजवळ तेवढाही आधार नाही.

काही रुग्णांच्या बाबतीत अधिक जपावे लागते, हे मान्य करायलाच हवे. रोज दारू पिणाऱ्याच्या यकृतात तो विषारी पदार्थ तयार करणारे विकर खरोखरच वाढलेले असते. खाणेपिणे सुटून वजन उतरलेल्या माणसाचा ग्लुटाथायोनचा साठा रोडावलेला असतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असणे आपल्याकडे नेहमीचे आहे. अशा रुग्णाने दोन ग्रॅमची सीमा कोणत्याही दिवशी ओलांडू नये, औषध थोडेच दिवस घ्यावे आणि डॉक्टरांना विचारून घ्यावे. पण अशा रुग्णासाठीही पॅरासिटामॉल बंद करून डायक्लोफेनॅक सुरू करणे हा उपाय होत नाही, कारण त्याच्या यकृताइतकेच त्याचे मूत्रपिंडही नाजूक अवस्थेत असते.

दोन ग्रॅमची ही सीमा नकळत ओलांडली जाण्याचा धोका खरा आहे आणि त्याकडे कमी लक्ष दिले जाते. बाजारात सर्वाधिक खपणारी गोळी ६५० मिलिग्रॅमची आहे. दिवसात तिच्या तीन गोळ्या झाल्या की १,९५० मिलिग्रॅम भरतात, चौथीला जागा उरत नाही. सर्दी-खोकल्याच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असते आणि ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. तापासाठी एक, सर्दीसाठी दुसरी, अंगदुखीसाठी तिसरी असे करत तो हिशेबाबाहेर जातो. या धोक्यावर उतारा एकच आहे. गोळीच्या पट्टीमागची घटकद्रव्ये वाचावीत, वाचता येत नसतील तर विक्रेत्याकडून वाचून घ्यावीत, आणि दिवसभराची बेरीज मिलिग्रॅममध्ये करावी.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही सारी दाहशामक वेदनाशामके एकाच तत्त्वावर चालतात. शरीरातले प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होऊ न देणे हे त्यांचे काम. प्रोस्टाग्लँडिनमुळे दुखते आणि सूज येते, म्हणून ते अडवले की आराम पडतो. पण तेच पदार्थ मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात, आणि सिरॉसिसच्या रुग्णाचे मूत्रपिंड त्यांच्याच आधारावर चाललेले असते. यकृत कठीण झाल्याने प्रवेशिनी शिरेतला दाब वाढतो, पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, आणि रक्ताचा मोठा वाटा तिथेच अडकून राहतो. बाकीच्या शरीराला रक्त कमी पडले असे समजून संप्रेरके मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि मीठ-पाणी धरून ठेवतात. या आवळण्याला विरोध करून मूत्रपिंडात रक्त खेळते ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करत असतात. गोळीने ते अडवले की विरोध संपतो, रक्तपुरवठा घसरतो, लघवी कमी होते आणि क्रिएटिनिन वाढू लागते. जलोदर असलेल्या रुग्णात हे दोन-चार दिवसांच्या गोळ्यांनीही घडू शकते. लघवीच्या गोळ्या मग लागू पडेनाशा होतात आणि पोट पुन्हा भरते. काही रुग्णांत मूत्रपिंड निकामी होते. सिरॉसिसमध्ये मूत्रपिंड गेले की जगण्याची शक्यता झपाट्याने घटते, आणि प्रत्यारोपणाची वेळ आलेली असेल तर शस्त्रक्रियाही अवघड होऊन बसते.

दुसरा आघात रक्तस्रावाचा. सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या असतात, प्लेटलेट कमी असतात, रक्त गोठायला लागणारी प्रथिने अपुरी असतात. हीच औषधे जठराच्या अस्तराला व्रण पाडतात आणि उरलेल्या प्लेटलेटनाही कामाबाहेर करतात. रक्ताची उलटी होऊन मध्यरात्री दाखल झालेल्या रुग्णाच्या खिशात पेनकिलरची अर्धी संपलेली पट्टी सापडणे हा आपत्कालीन विभागांच्या ओळखीचा प्रसंग आहे.

या वर्गाची बाजू घेणारे नेहमी चार मुद्दे मांडतात.

एक म्हणजे, ‘सोबत पोटाची गोळी दिली आहे.’ पँटोप्राझोलसारखी गोळी आम्ल कमी करते आणि जठरातला व्रण काही अंशी टाळते. मूत्रपिंडाशी तिचा संबंध नाही. उलट सिरॉसिसच्या रुग्णात आम्ल दडपणाऱ्या गोळ्या विनाकारण दीर्घकाळ चालू ठेवल्या तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. ज्या धोक्यामुळे हा वर्ग वर्ज्य आहे, तो पोटाच्या गोळीने टळतच नाही.

दुसरा मुद्दा ग्रामीण भागात अधिक चालतो, ‘गोळी नको, इंजेक्शन देतो, ते लिव्हरवर जात नाही.’ कमरेत टोचलेले डायक्लोफेनॅक रक्तात मिसळते आणि मूत्रपिंडापर्यंत तसेच पोहोचते. त्यात प्लेटलेट कमी असलेल्या माणसाच्या स्नायूत सुई घातल्याने तिथे रक्त साकळण्याचा जादा धोका. सुईने लवकर बरे वाटते, हा अनुभव खरा आहे. पण आराम लवकर पडतो म्हणून अपाय कमी होतो असे नाही.

तिसरा मुद्दा अधिक जाणकार लोक मांडतात. कॉक्सिब म्हणून ओळखली जाणारी नवी औषधे, सेलेकॉक्सिब किंवा एटोरिकॉक्सिब, सुरक्षित आहेत असे त्यांचे म्हणणे असते. त्यासाठी २००५ सालच्या एका अभ्यासाचा दाखला देता येतो. त्यात सिरॉसिस व जलोदर असलेले २८ रुग्ण होते आणि सेलेकॉक्सिब मिळालेल्यांच्या मूत्रपिंडाचे काम मंदावले नाही, नॅप्रोक्सेन मिळालेल्या काहींचे मंदावले. हा दाखला चुकीचा नाही. पण त्या अभ्यासात सेलेकॉक्सिबचे एकूण पाच डोस दिले होते. गुडघेदुखीचा रुग्ण महिनोन्महिने गोळ्या घेतो. पाच डोसांच्या अनुभवावर पाच महिन्यांचे औषध लिहिणे हे त्या संशोधकांनीही सुचवलेले नाही. एटोरिकॉक्सिबला तर त्या अभ्यासाचा आधार मुळीच नाही, ते त्यात नव्हतेच.

चौथा मुद्दा, ‘एलएफटी नॉर्मल आहे, म्हणजे गोळी सोसते.’ यकृताच्या विकरांची पातळी सिरॉसिसमध्येही बऱ्याचदा जवळजवळ सामान्य असते, त्यावरून आजाराची खोली कळत नाही. आणि मुख्य म्हणजे येथे अपाय होतो मूत्रपिंडाला, तपासणी होते यकृताची. क्रिएटिनिनदेखील फसवू शकते. स्नायू झिजलेल्या माणसात ते मुळातच कमी असते, त्यामुळे ०.६ वरून १.१ वर गेलेला आकडा प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत बसतो, पण मूत्रपिंडाचे काम जवळपास अर्ध्यावर आलेले असते.

भारतीय बाजारात या गोंधळावर आणखी एक थर चढतो तो मिश्र गोळ्यांचा. कॉम्बिफ्लॅम या परिचित गोळीत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. असेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल यांची अगणित नावे मेडिकलच्या फडताळात असतात. पॅरासिटामॉल चालेल असे रुग्णाला नीट सांगितलेले असले तरी ‘त्यात पॅरासिटामॉलच आहे’ असे म्हणून त्याला यांतलीच एखादी मिळते. यकृताच्या रुग्णासाठी गोळी एकाच घटकाची हवी, हा नियम म्हणून महत्त्वाचा ठरतो. निमेसुलाइडची गोष्ट तर वेगळीच. हे औषध यकृतालाच थेट इजा करू शकते. फिनलंड आणि स्पेनने २००२ साली त्याची विक्री थांबवली, आयर्लंडने २००७ साली, अमेरिकेत त्याला कधी परवानगीच मिळाली नाही. भारताने २०११ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी ते बंद केले, मोठ्यांसाठी ते बाजारात राहिले. पॅरासिटामॉलला घाबरून निमेसुलाइड घेणारा यकृताचा रुग्ण कमी धोक्याकडून अधिक धोक्याकडे जातो.

गोळीला घाबरलेला रुग्ण पुढे वळतो तो ‘साइड इफेक्ट नसलेल्या’ औषधांकडे. येथे आयुर्वेदाविरुद्ध ॲलोपॅथी असा वाद उभा करण्याचे कारण नाही. प्रश्न पुराव्याचा आहे. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचे काढे घरोघरी घेतले गेले. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला सूज आली होती. त्यावर वाद झाला, आयुष मंत्रालयाने निष्कर्षावर आक्षेप घेतला. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली मांडला आणि गुळवेलीशी जोडलेली ही यकृतइजा मुंबईपुरती नाही हे दाखवले. आपलीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटते असा सुप्त आजार ज्यांना होता, त्यांच्यात तो उफाळून आला. सांधेदुखीवर दिला जाणारा गुग्गुळ आणि अश्वगंधा यांच्याही यकृतइजेच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्याहून गंभीर प्रकार कागदाच्या पुडीतून मिळणाऱ्या, घटकांची नावे नसलेल्या ‘वाताच्या’ चूर्णांचा. अशा चूर्णांत स्टेरॉइड आणि ॲलोपॅथीची वेदनाशामके मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. ‘दोनच दिवसांत गुडघा मोकळा झाला’ असे ज्या पुडीबद्दल सांगितले जाते, तिच्याबद्दल सर्वाधिक संशय घ्यावा.

सुरुवातीच्या त्या दोन सल्ल्यांइतकाच अन्याय करणारा तिसरा सल्ला आहे, ‘सोसा.’ दारूमुळे यकृत गेलेल्या रुग्णाच्या वाट्याला तो हमखास येतो. त्यात उपचारापेक्षा शिक्षेचा भाव असतो, आणि वैद्यकात त्याला जागा नसावी. दोन ग्रॅम पॅरासिटामॉलने भागले नाही तर पुढचे मार्ग आहेत, ते जपून वापरायचे आहेत एवढेच. एखाद्याच सांध्याचे किंवा ठरावीक जागेचे दुखणे असेल तर शेक, व्यायामोपचार, लिडोकेनची पट्टी किंवा मलम यांनी बरेच काम होते. नसांच्या जळजळीसाठी गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन उपयोगी पडतात, कारण ती यकृतात जिरत नाहीत, मूत्रपिंडावाटे बाहेर जातात. मूत्रपिंड मंदावले असेल तर त्यांची मात्रा मात्र घटवावी लागते आणि गुंगीवर लक्ष ठेवावे लागते. याच कामासाठी दिले जाणारे ड्युलोक्सेटिन यकृताच्या रुग्णात टाळतात. पायात येणाऱ्या गोळ्यांवर बॅक्लोफेन आणि टॉरिन यांचा उपयोग दिसला आहे. २०२२ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत तर गोळा येताच काकडीच्या आंबवलेल्या लोणच्याच्या पाण्याचा एक घोट घेतल्याने त्याची तीव्रता कमी झाली. आपले तेल-मोहरीचे लोणचे हा त्याला पर्याय नव्हे, जलोदराच्या रुग्णाला त्यातले मीठ बाधेल.

अफूवर्गीय औषधांबद्दल दोन्ही टोकांची मते चुकीची आहेत. ती सरसकट देणे धोक्याचे, कारण यकृत त्यांना वेळेत निकामी करू शकत नाही, गुंगी साठत जाते, बद्धकोष्ठ होते, आतड्यातला अमोनिया वाढतो आणि रुग्ण भ्रमात जातो. पूर्वी असा भ्रम येऊन गेला असेल तर धोका दुप्पट काळजीचा. कोडीन टाळावे. ट्रामाडॉल लागलेच तर नेहमीपेक्षा कमी मात्रेत आणि दोन मात्रांतले अंतर वाढवून. फेंटॅनिलवर यकृताच्या आजाराचा परिणाम तुलनेने कमी होतो, पण ते तज्ज्ञाच्याच हातात राहावे. शौचाला दिवसातून दोन-तीनदा होईल इतके लॅक्टुलोज सोबत असल्याशिवाय यांपैकी काहीही सुरू करू नये. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, विशेषतः अल्प्राझोलाम व डायझेपाम, यांच्याशी त्यांची जोडी लावू नये. पण कर्करोग झालेला, प्रत्यारोपण शक्य नसलेला रुग्ण वेदनेने तळमळत असताना ‘लिव्हर आहे’ म्हणून मॉर्फिनची अल्प मात्राही नाकारणे याला सावधगिरी म्हणता येत नाही. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली ती वैद्यकीय गरजेची औषधे अशा रुग्णांपर्यंत पोहोचावीत म्हणूनच.

वेदनाशामकाआधीचा एक प्रश्न मात्र कधीही वगळू नये. का दुखते? सिरॉसिसमध्ये नव्याने सुरू झालेले दुखणे हे पुष्कळदा नव्या आजाराचे पहिले लक्षण असते. जलोदर असलेल्याचे पोट दुखू लागले, ताप आला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. सुईने थोडे पाणी काढून तपासले की निदान होते. त्यात घनमिलिमीटरला २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल पेशी असतील तर प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू करावे लागते. या रुग्णाला पेनकिलरचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले तर गेलेला दिवस परत मिळत नाही. उजव्या बरगडीखालची सतत वाढती कळ यकृताच्या कर्करोगाची असू शकते, म्हणून सिरॉसिसच्या प्रत्येक रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हायला हवी. एकाएकी उठलेली पाठीतली कळ मोडलेल्या मणक्याची असू शकते. काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, झोपेचे चक्र उलटणे यांपैकी काहीही दिसले तर ते दुखणे घरी सोसायचे किंवा गोळीने दाबायचे नाही, रुग्णालयात न्यायचे.

एवढे सगळे पाहायचे तर तज्ज्ञ लागतो, आणि येथे आणखी एक गैरसमज आडवा येतो. यकृततज्ज्ञाकडे जायचे ते प्रत्यारोपण करायचे असेल तर, आणि प्रत्यारोपण परवडणार नसेल तर जाऊन उपयोग काय, असे कुटुंबे धरून चालतात. कित्येकदा पाठवणारे डॉक्टरही तसेच धरतात. सिरॉसिस बळावण्याआधी रुग्णाचे सरासरी आयुर्मान बारा वर्षांहून अधिक असते आणि जलोदर, रक्तस्राव, भ्रम किंवा कावीळ यांतले काही झाल्यावर ते दोन वर्षांच्या आसपास येते. म्हणजे तज्ज्ञाचा सर्वाधिक उपयोग त्या वळणाआधी किंवा त्या वळणावर आहे. तेव्हा मूळ कारणावर उपचार होऊ शकतात. हिपॅटायटिस सी बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. फुगलेल्या शिरा एन्डोस्कोपीने बांधता येतात. दारू खरोखर सुटली तर बळावलेला आजारही काही रुग्णांत मागे फिरतो.

‘असा तज्ज्ञ फक्त महागड्या खासगी रुग्णालयात असतो’ हेही खरे नाही. मुंबईत केईएम, शीव, नायर आणि जे. जे. रुग्णालयांत, नागपूरच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पोटविकार विभाग आहेत. रुग्णाला फक्त यकृतावर काम करणाराच डॉक्टर हवा असे नाही. पोटविकारतज्ज्ञ हे काम करतो आणि आवश्यक तेव्हा प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवतो. पाठवण्याचा निकष ठरलेला आहे. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन यांवरून काढलेला मेल्ड गुणांक १५ वर पोहोचला किंवा आजार बळावल्याची पहिली खूण दिसली की प्रत्यारोपणाचे मूल्यमापन व्हावे. हे तीन आकडे तालुक्याच्या प्रयोगशाळेतही मिळतात, म्हणजे गुणांक काढण्यासाठी शहर गाठावे लागत नाही. मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी नोंदणी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होते. नोंदणी रुग्णालय करते, म्हणून त्या रुग्णालयापर्यंत वेळेत पोहोचणे महत्त्वाचे.

दूर राहणाऱ्याला दर महिन्याला प्रवास झेपत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. त्यावर रास्त तोडगा म्हणजे तज्ज्ञाने आखलेला उपचार गावच्या डॉक्टरांनी चालवणे. वजन, लघवी, क्रिएटिनिन, सोडियम यांवर तिथे लक्ष ठेवता येते आणि अधूनमधून ई-संजीवनीसारख्या दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची जोड देता येते. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अमली पदार्थ कायद्याखालची औषधे मात्र अशा सल्ल्यावर लिहिता येत नाहीत आणि २०१८ पासून ट्रामाडॉलही त्या कायद्याखाली आहे, म्हणून त्यांच्यासाठी प्रत्यक्ष भेट लागते. परिहार उपचारांबद्दलही (पॅलिएटिव्ह केअर) असाच एक गैरसमज आहे. वेदना, खाज, निद्रानाश यांवर काम करणारा परिहार उपचार विभाग म्हणजे आशा सोडणे, हा समज कुटुंबांत खोल आहे. २०२२ च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांनी तो खोडून काढला आहे. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत असलेल्या रुग्णालाही परिहार उपचार त्याच वेळी मिळावेत असे ती सांगतात.

डॉक्टरांनी एक गोष्ट आजपासून करावी. सिरॉसिसच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर आणि केसपेपरवर तीन ओळी मराठीत लिहाव्यात. दुखले किंवा ताप आला तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दिवसात चारपेक्षा जास्त गोळ्या नाहीत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही गोळी किंवा इंजेक्शन कोणत्याही स्वरूपात नाही. नवीन पोटदुखी, ताप, काळी शौच किंवा गोंधळ दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय. रुग्णाने हा कागद मेडिकलच्या दुकानात, दंतवैद्याकडे आणि गावच्या दवाखान्यात, प्रत्येक ठिकाणी औषध घेण्याआधी दाखवावा.